साहेबामागची बंदूक

पोलिसात भरती होताना मुखरूच्या छातीचं माप कसंबसं भरलं होतं. जनरल कानविंद्यांच्या पहाऱ्यावर नेमणूक झाल्यावर मात्र ती छाती दारातून आधी शिरायची आणि मुखरू मागून, असं त्याची बायको शकुबाई म्हणायची. पुढे मुखरू स्वतःच हे सांगायचा, छाती फुगवून दाखवत.

फौजेतून निवृत्त झालेले कानविंदे साहेब धानोऱ्याच्या कडेला, मोहाच्या झाडांमागे, एका लाकूड ठेकेदाराच्या रिकाम्या बंगल्यात येऊन राहिले होते. बायको वारलेली, मुलं दूर. नोकरीत असताना त्यांना कुणी धमक्या दिल्या होत्या, म्हणून सरकारने मागे एक बंदूकवाला शिपाई दिला. तो मुखरू. आधी चांद्याच्या पोलीस लाइनीतून चामोर्शीला घरी जायचं तर वैनगंगा आडवी यायची. इथून मात्र, बदली शिपाई आला की सायकलीने संध्याकाळपर्यंत घरी. शकुबाई पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. ही नेमणूक पावसाळ्यापर्यंत टिकावी, एवढंच मुखरूचं देवाकडे मागणं होतं.

रोज सकाळी साहेब फिरायला निघत. चार पावलं मागे मुखरू. समोरून येणारी माणसं वाट सोडून झाडीत सरकत, पाणी भरणाऱ्या बाया गप्प होत. आपली जरब बसली, असं मुखरूला वाटे. तो मिशीला तेल लावू लागला.

बाजाराच्या दिवशी शेजारच्या टोल्यातली, म्हणजे छोट्या वस्तीतली, म्हातारी सोमारी पायरीवर पळसाच्या पानांचा दोना ठेवून जाई. कधी चारं, म्हणजे चारोळीची फळं, कधी तेंदूची पिकलेली टेंभरं. साहेबांच्या जिवाला धोका नको, म्हणून मुखरू आधी एक फळ खाऊन बघे. विष हळू चढणारं असलं तर, म्हणून दुसरं. कर्तव्यात कसूर होऊ नये म्हणून तो तळापर्यंत तपास करी. मग एक दिवस दोने येणं बंद झालं.

"मुखरू," एका संध्याकाळी साहेब म्हणाले, "या गावात माझ्याशी कुणी बोलत नाही. नुसती झाडं बघून माणूस किती दिवस राहील? पावसाआधी पुण्याला परत जावं म्हणतो."

मुखरूने मनात हिशेब मांडला. साहेब पुण्याला म्हणजे आपण चांद्याला. दुसऱ्या दिवशी तो टोल्यावर गेला. वडीलधारा चैतू अंगणात दोर वळत बसला होता. सोमारी मोहफुलं वाळवत होती.

"चैतूभाऊ, साहेबाकडं कोनी काऊन येत नाई?"

"तू भेटू देशील?" चैतूने मान वर केली नाही. "म्हातारा मानूस हाये. कोनाचा खून केला त्यानं?"

"खून? साहेबानं? अरे, तो लढाईतला मोठा..."

"लढाईतल्याची बी सजा होते का?" सोमारीने विचारलं.

"सजा नाई व्हो बाई. त्याले कोनी मारू नये म्हनून सरकारनं मले ठेवलं."

चैतूने हातातला दोर खाली ठेवला आणि सगळं रान एकदा पाहून घेतलं. "इथी कोन मारते त्याले? माह्या भावानं लाकडं तोडली तवा त्याच्या मागं असाच बंदूकवाला चालत होता. पार चांद्याच्या जेलापर्यंत."

"अन् कैद्याचं खानं शिपायानं खाऊ नाई," सोमारी म्हणाली. "मी त्याच्यासाठी ठेवू, अन् तू भिंतीले टेकून खाये. आमी झाडामागून पाहत होतो."

"मी तपासत होतो, बाई."

"सापडलं काई?"

मुखरू परत निघाला. मोहाखालून चालताना त्याने पुष्कळ विचार केला. गप्प बसलो तर साहेब कंटाळून जाणार. सांगितलं तर पहारा नको म्हणणार. दोन्ही वाटा चांद्यालाच जात होत्या. पण एका वाटेवर साहेब तरी इथे राहत होते, आणि शेवटी साहेबांना राखायचीच तर नोकरी होती.

त्याने सगळं सांगितलं. फळांचंही. साहेब हसतील किंवा रागावतील, असं त्याला वाटलं होतं. साहेबांनी एवढंच विचारलं,

"चारं कशी होती?"

"गोड होती, साहेब."

साहेबांनी चांद्याला कळवून पहारा काढायला लावला. त्याआधी मुखरूला बाळंतपणापुरती रजा मिळवून दिली, एवढी मेहरबानी केली. मुलगी झाली. मग मुखरूची पाठवणी चांद्याला.

पावसाळा सरताना तो धोतर नेसून, साखरेची पुडी घेऊन धानोऱ्याला आला. बंगल्याच्या ओसरीवर चैतू पाय पसरून बसला होता. सोमारी भाजलेली मक्याची कणसं सोलत होती आणि साहेब तिच्याकडून कुठल्याशा पाखराचं गोंडी नाव घोकत होते. पायरीशी मुखरू उभा राहिला. बंदूक नव्हती, तर हातांचं काय करावं ते त्याला कळेना.

चैतूने त्याला खालपासून वरपर्यंत निरखलं.

"काऊन गा, तुले बी सोडलं का?"

"सोडलं," मुखरू म्हणाला आणि ओसरीवर टेकला.

सोमारीने कणसांची टोपली पुढे सरकवली. मुखरूचा हात सवयीने गेला.

"पहिले साहेबाले घेऊ दे," ती म्हणाली.

मुखरूने हात मागे घेतला.