कुणाच्या नावाचा चुडा

तुळजापुरात माझ्या हळदी-कुंकवाच्या दुकानाला लागून एका कासारीणबाईंचं दुकान आहे. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. तोंडानं फटकळ, पण हात मऊ. नवरी आली की आधी विचारणार, "कुणाच्या नावाचा गं चुडा?" नाव ऐकल्याशिवाय बांगडीला हात लावत नाहीत. आणि भरताना एक जरी फुटली, तरी देवीची मर्जी नाही म्हणून सगळा चुडा उतरवतात.

पुरुषा-पुरुषांच्या, बायका-बायकांच्या लग्नाचा खटला टीव्हीवर गाजत होता, तेव्हा आक्का ठणकावून सांगायच्या, "लगीन देवीच्या घरचं असतंय. कोरटाला कोण इचारतंय?" आम्ही माना डोलवायचो. कोर्टानं नकार दिला, तेव्हा समोरच्या हारवाल्यानं गल्लीत पेढे वाटले.

परवा दोन मुली आल्या. दोघींनी हात पुढं केले. "हिरवा चुडा भरा, दोघींना."

"कुणाच्या नावाचा?"

 मग त्यातली उंच मुलगी हळूच म्हणाली, "माझा हिच्या. आणि हिचा माझ्या."

हारवाला पायरी उतरून आला. त्याच्यामागं बाकीचे दुकानदार. "आक्का, असल्या लग्नाला कोर्टानं न्हाय म्हटलंय."

आक्का त्या उंच मुलीचा पंजा हातात घेऊन चेपायला लागल्या. मान वर न करता म्हणाल्या, "लगीन देवीच्या घरचं असतंय. कोरटाला कोण इचारतंय?"

मग आक्कांनी पहिली बांगडी चढवली. अख्खी गल्ली एक बांगडी फुटायची वाट बघत उभी राहिली. मीही.

एकही फुटली नाही.