सोवळ्यातलं ट्यूनिंग

काशीतल्या रामघाटावरच्या आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकाने भिंतीला चिकटायचं, मग मोटार कुठून येणार? आणि मी नेमका त्या गल्लीत राहून इंजिनाच्या नादी लागलो. आता म्हणे फोन गाडीला जोडला की कुठे बिघडलंय ते पडद्यावर दिसतं. नव्वदच्या दशकात, ऐन विशीत, माझ्याकडे फक्त कान होते, आणि तेही वडिलांनी तयार केलेले. वेद म्हणताना एक स्वर घसरला तरी ते मांडीवर चापट मारत. कबीरचौऱ्याजवळच्या एका गॅरेजसमोर उभं राहून, चालू इंजिन ऐकून मी सहज म्हणालो, "चार में से एक नहीं बोल रहा है," तेव्हा तिथल्या मिस्त्रीने पाना खाली ठेवला आणि माझ्या शेंडीकडे बघत राहिला. स्पार्क प्लग काढून पाहिला तर खरंच एक घर, म्हणजे एक सिलिंडर, मेलेलं होतं. त्या दिवसापासून रोज दुपारी मी तिथे. "गुरु, पहिले सुना, खोलना बाद में," एवढाच त्याचा धडा होता.

घरी मात्र थोरला भाऊ बँकेत लागून इंदूरला निघून गेला होता, आणि यजमान सांभाळायला उरलो मी. महाराष्ट्रातली कितीतरी घराणी काशीला आली की पिढ्यानपिढ्या आमच्याकडेच उतरत. त्याच पायऱ्या, तेच संकल्प, तीच ओली धोतरं. मला वीट आला होता. खोटं कशाला बोलू, पहाटे वडिलांचा खोकला ऐकला तरी जीव गुदमरायचा, कारण तो खोकला म्हणजे आज माझी पाळी.

त्यात नाशिकहून आलेल्या एका गॅरेजमालकाने माझं काम बघितलं आणि दिवाळीच्या आत कामावर ये म्हणून सांगितलं. ब्रह्माघाटावरचा चुलतभाऊ आमचे यजमान चालवायला तयारच होता. अडलं होतं ते वडिलांच्या एका शब्दावर. ते नाही म्हणत नव्हते. "बघू" म्हणायचे. त्या "बघू"मध्ये माझा सबंध उन्हाळा आणि पावसाळा गेला. भांडायला कारण तरी हवं ना, तेही ते देत नव्हते.

पितृपक्षात साताऱ्याकडचं एक कुटुंब स्वतःच्या गाडीने आलं. यजमानाला वडिलांचं श्राद्ध करायचं होतं आणि लगेच गयेला निघायचं होतं. आमच्या घरीच विधी. पितरांच्या जागी जेवायला मी बसणार, देवांच्या जागी चुलतभाऊ, आणि विधी सांगायला माझे वडील. मी रेशमी मुकटा नेसून सोवळ्यात. पानं वाढायला घेतली होती, तेवढ्यात त्यांचा ड्रायव्हर, गल्ल्यांबाहेर मैदागिनला गाडी लावली होती तिथून, धावत आला. अलाहाबादपासून मिसिंग करणारी गाडी आता सुरूच होत नव्हती.

यजमानाचा चेहरा पडला. मला मात्र, देवा शपथ, आनंद झाला. डोक्यात एकदम आलं की हीच संधी आहे. ऐन श्राद्धात, सोवळ्यात, इंजिनात हात घातलेला ब्राह्मण आपल्या बापाच्या पानावर कोण बसवून घेईल? एवढी शोभा झाली की वडील स्वतःच म्हणतील, जा बाबा नाशिकला. मी पाटावरून उठलो.

"अरे, सोवळ्यात आहेस!" वडील ओरडले. "जल्दी परत फिर!"

मी फिरलो नाही. लोक मुकटा बघून गल्लीत बाजूला होत होते आणि मी त्यांच्यामधून धावत होतो.

बॉनेट उघडून ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगितलं आणि ऐकलं. ठिणगी पाडणारे डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट जळून चिकटले होते. त्याच्याकडच्या पॉलिश पेपरने ते घासले, पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट ठेवली. गाडी खोकली आणि लागली. मग डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवून टायमिंग जुळवलं, कार्बोरेटरचा स्क्रू आवाज अडखळेपर्यंत आत नेला, थोडा मागे घेतला. चारही घरं एका लयीत बोलायला लागली. तेवढी दोन मिनिटं मी कुणाचाच मुलगा नव्हतो. मग आठवलं की आपण कशाला आलोय, आणि काळे हात मुद्दाम मुकट्याला पुसले.

उंबऱ्यात तसाच उभा राहिलो. माझ्या आधी ड्रायव्हरच बोलला, "साहेब, नव्यासारखी चालतेय!" यजमान माझ्या हातांकडे बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

"गुरुजी, ती गाडी बाबांची आहे हो. रोज स्वतः पुसायचे. आज त्यांच्याच दिवशी तुमच्या हातून... बाबांच्या पानावर तुम्हीच बसायला हवं."

सोवळ्याचा सगळा हिशेब मी वडिलांच्या वयाच्या यजमानांवरून केला होता. स्वतःच्या गाडीतून काशीला येणारा यजमान वेगळा असतो, हे मला सुचलंच नव्हतं. वडिलांनी एकदा यजमानाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, आता तरी चिडतील.

"गंगेत बुडी मार आणि ओलेत्याने ये," ते शांतपणे म्हणाले. "पान थांबलंय."

मी बुडी मारून आलो आणि बसलो. श्राद्धाला बसलेल्या ब्राह्मणाने जेवताना बोलायचं नसतं. मी भात कालवत असताना वडील चुलतभावाच्या पानापाशी येऊन उभे राहिले.

"तुला आता तकलीफ नको," त्याला म्हणाले. "हाच सगळं बघेल. आता यजमान गाड्या घेऊनच येणार. असा मुलगा पूर्ण काशीत कुणाकडे आहे?"

आयुष्यात पहिल्यांदा ते माझं कौतुक करत होते. त्यांचा आवाज जरा कापलासुद्धा. मला ओरडून सांगायचं होतं, अण्णा, मला जायचंय. तोंडात घास होता आणि समोर कुणाच्या तरी बापाचं पान होतं. चुलतभावाने मान खाली घालून खीर संपवली.

जेवण झालं. यजमान रिवाजाप्रमाणे हात जोडून माझ्यासमोर आला आणि वडिलांनी सांगितलं तसं त्याने विचारलं, "तृप्त झालात?"

त्याला उत्तर एकच असतं. मी म्हणालो, "तृप्त झालो."