वानरांसाठी विमान

तिसऱ्यांदाही विमान कातळावर आपटलं. नानांनी वाकून मोडका पंखा उचलला, धोतराला पुसला आणि माझ्या हातात दिला.

"सदाशिव, इंजिन नेऊन बघ परत."

आदला अख्खा दिवस मी बंद पडलेली बस ओढून आणण्यात घालवला होता. खांदे भरून आले होते. "बघतो," म्हटलं आणि इंजिन रुमालात गुंडाळलं.

मी तेव्हा रत्नागिरीत एका मोटार सर्व्हिसच्या गॅरेजमध्ये हेडमिस्त्री होतो. दुसरी लढाई अजून सुरू झाली नव्हती. आमच्या बसगाड्या सगळ्या म्हाताऱ्या. रस्त्यावर लाल धूळ, हवेत खार. दोन्ही मिळून गाडीची जी दशा करतात ती निस्तरायची, हे माझं काम. विमानं माझ्या कामात बसत नव्हती.

नाना म्हणजे कोर्टातले रिटायर्ड शिरस्तेदार. भाट्ये गावाच्या वरच्या अंगाला त्यांची हापूसची बाग. बागेच्या वर सडा, म्हणजे उघड्या कातळाचं सपाट रान. वानरांचा कळप सड्यावरून खाली उतरायचा आणि कलमांवरच्या कैऱ्या एकेक चावा घेऊन टाकून द्यायचा. राखणदार मुंबईला गिरणीत लागलेला. नानांचे गुडघे धरलेले. यंदाही पीक गेलं तर बाग चुलतभावाला खंडाने द्यायची, असं घरात ठरलं होतं. नानांच्या ते जिवावर आलं होतं.

त्यांचा भाचा बोटीवर नोकरीला होता. "त्याने अमेरिकेतनं पाठवलंन," असं सांगत नाना ते इंजिन सगळ्यांना दाखवायचे. पेट्रोलवर चालणारं, मुठीत मावेल एवढं. सोबत विमानाचा नकाशा होता. त्यावरून नानांनी स्वतः विमान केलं. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, बांबूच्या कामट्या, वर पातळ कागद आणि वार्निश. काम सुबक होतं, हे मला मानावं लागलं.

हे विमान मोकळं उडत नाही. त्याला दोन बारीक पोलादी तारा असतात आणि तारांची टोकं मधे उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या मुठीला. मूठ एका अंगाला कलवली की शेपटीची पट्टी हलते आणि विमान वर जातं. दुसऱ्या अंगाला कलवली की खाली येतं. विमान त्या माणसाभोवती घिरट्या घालतं आणि माणूस जागच्या जागी गोल फिरतो. आवाज मात्र मोटरसायकलीसारखा. त्या आवाजाने वानरं पळतील, असा नानांचा हिशोब होता.

अडचण एकच. जमिनीवर इंजिन टाकी संपेपर्यंत झकास चालायचं. हवेत गेलं की पुरता वेग धरायच्या आत, दोन-चार फेऱ्यांत, फुरफुरायचं आणि बंद पडायचं. मग तारा ढिल्या पडायच्या आणि विमान कातळावर.

मी दुपारच्या सुट्टीत त्याच्यामागे लागलो. प्लग साफ केला. पॉइंट घासले. नवा सेल घातला. पेट्रोल हरणाच्या कातड्यातून गाळलं. इंजिन सुरू करायला पंख्याला बोटाने झटका द्यावा लागतो आणि ते उलटं मारतं. माझी उजव्या हाताची बोटं सुजली.

एकदा मालकांनी बघितलं.

"मिस्त्री, हे काय?"

"विमानाचं इंजिन."

"आपली गाडी राजापुरात उभी आहे आणि तुम्ही विमानं करताय?"

"जेवणाच्या सुट्टीत करतो."

"कुणाचं आहे?"

"नानांचं."

मालकांनी घड्याळात बघितलं. शाळेत असताना ते नानांच्या घरी वारावर जेवायला असत. "आटपा लवकर," एवढंच म्हणाले.

त्यानंतरही विमान पडलंच. नाना पुन्हा कामट्या तासायला बसले. त्यांच्या पत्नी, माई, मला चहा देताना म्हणाल्या, "तू तरी सांग रे ह्यांना. डबा वाजवला तरी वांदर पळतात."

"मग डबा कोण वाजवतं?"

"मीच की. आणि कोण आहे घरात?"

पुढच्या आठवड्यात आंबा घाटात आमची एक बस पेट्रोल संपून उभी राहिली. मी दुसऱ्या गाडीतून पेट्रोल घेऊन निघालो. डब्याचं झाकण हरवलेलं, म्हणून डबा पायांत धरून बसलो. वळण आलं की उतारू एका अंगाला कलंडत आणि डब्यातलं पेट्रोलही वळणाच्या बाहेरच्या अंगाला चढे. आतल्या बाजूला डब्याचा तळ दिसायचा. तीन-चार वळणं मी नुसता बघत राहिलो. मग लक्षात आलं. नानांचं विमान कायमच वळणावर असतं. त्याला सरळ रस्ताच नाही. सगळं पेट्रोल टाकीच्या बाहेरच्या भिंतीला जात असणार आणि इंजिनाला पेट्रोल नेणारी नळी आम्ही आतल्या भिंतीला बसवली होती. टाकीत पेट्रोल असून इंजिन उपाशी मरत होतं.

परत आल्यावर नळी काढली, वाकवली आणि बाहेरच्या भिंतीला नेऊन कथलाचा डाग दिला. काम अर्ध्या तासाचं. त्याच्याआधी महिना गेला होता.

सकाळी वारा पडलेला असताना आम्ही सड्यावर गेलो. मूठ नानांच्या हातात. मी पंखा फिरवला आणि विमान सोडलं. ते उचललं, फिरलं आणि फिरतच राहिलं. सड्याच्या कडेला वानरं बसली होती, ती आरडाओरडा करत पलीकडच्या रानात पळाली. नानांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. मान वर करून ते गोल फिरत होते आणि हसत होते. पेट्रोल संपलं, विमान उरल्या वेगावर फिरत अलगद कातळावर टेकलं, तरी त्यांनी मूठ सोडली नाही.

"परत भर," म्हणाले.

तीन दिवस वानरं आली नाहीत. चौथ्या दिवशी लांब बसून बघत राहिली. आठवडा संपायच्या आत विमान वर सड्यावर घरघरत असताना एक हुप्प्या कलमावर बसून कैरी खात होता. त्याच सुमारास नानांना फिरता फिरता घेरी आली. ते पडले, विमानही पडलं. विमानाचा एक पंख मोडला. नानांच्या कपाळाला टाके पडले आणि डॉक्टरांनी गरगर फिरायला सक्त मनाई केली.

मला वाटलं, सुटलो.

चार दिवसांनी माई गॅरेजमध्ये आल्या. बाईमाणूस गॅरेजमध्ये येत नसे, त्यामुळे सगळ्यांचे हात थांबले. त्यांनी मोडका पंख माझ्या टेबलावर ठेवला.

"हा सांधून दे."

"माई, वानरं त्याला भीत नाहीत आता."

"वांदरांचं सांगायला नाही आल्ये मी. दोन गडी ठेवल्येत गोफणी देऊन. ते बघतील." पदराने त्यांनी तोंड पुसलं. "हे भिंतीकडे तोंड करून पडून असतात. चार घासांच्या वर जेवत नाहीत. उडत होतं तेव्हा बरे होते."

"पण डॉक्टरांनी त्यांना फिरू नका सांगितलंय."

"होय तर. म्हणून तू फीर."

मी मालकांकडे बघितलं. ते बसच्या चाकाकडे बघत होते.

त्या मोसमातले माझे सगळे रविवार सड्यावर गेले. आठवडाभर गाड्यांखाली झोपायचं आणि सुट्टीच्या दिवशी गोल फिरायचं. नाना खुर्चीवर छत्री घेऊन बसायचे आणि ओरडायचे, "वर घे! अरे, वर घे!" मला मळमळायचं. गोफणवाल्यांनी अर्ध्याच्या वर पीक राखलं. बाग नानांकडेच राहिली. चुलतभाऊ एकदा बघायला आला आणि पुढे तोही दर रविवारी यायला लागला.

नंतर गॅरेजमध्ये जे जे नवीन लागले, त्यांना मी पहिल्याच दिवशी एक सांगत आलो. इंजिन दुरुस्तीला घेताना ते चालवणार कोण, हे आधी विचारून घ्यावं.