टेकडीवरची काळी घोंगडी

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं आणि मग कान गरम होतात. पोलीस खात्यातल्या नोकरीत मी चुका बऱ्याच केल्या, पण संबंध जिल्ह्याला एकाच वेळी ऐकू जाईल अशी चूक ही एकच. सांकेतिक भाषा मी स्वतः तयार केली आणि तिचा अर्थही मीच वायरलेसवरून जाहीर केला.

केज तालुक्यातलं आमचं ठाणं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. मी महिला शिपाई, वय तेवीस, पंधरा दिवसांचं वायरलेसचं प्रशिक्षण घेऊन नुकतीच आले होते. ठाण्यात सेट नीट हाताळता येणारी मी एकटीच. त्यामुळे माझा तोरा असा, की जणू तो सेट माझ्या माहेरून आला होता.

नवीन माणूस हमखास एक चूक करतो. बटण दाबलं की लगेच बोलायला लागतो. आमच्या सेटचा आवाज स्वतःच्या जोरावर चार-सहा मैलांपलीकडे जात नसे. टेकडीवर रिपीटर होता. तो आमचा अशक्त आवाज उचलायचा आणि जोरात पुढे फेकायचा. त्याला जागं व्हायला क्षणभर लागतो, म्हणून बटण दाबून एक श्वास थांबायचं आणि मग बोलायचं. नाही थांबलं तर पहिला शब्द गिळला जातो. तुम्ही म्हणता 'नका येऊ', पलीकडे पोचतं 'येऊ'. हे मी सगळ्या ठाण्याला शिकवत फिरत होते. रिपीटर आवाज जेवढा लांब नेतो तेवढ्या लांबचे सगळे तो ऐकतात, ही दुसरी अर्धी गोष्ट मात्र माझ्याच डोक्यात शिरली नव्हती.

एके दिवशी सकाळी हजेरी चालू असताना एक आजी ठाण्यात आली. तिच्या वस्तीवरची धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली, मागे म्हातारे आणि लेकरं. वस्तीला दिवसाआड पाण्याचा टँकर होता. तो चालवायचं काम एका सहकारी संस्थेकडे. आजीनं फौजदारसाहेबांना सरळ विचारलं, "साहेब, टँकर फाट्यावरून वळतो तवा चाकं दबलेली असत्यात. वस्तीवर येतो तवा उड्या मारीत येतो. मधी पानी कुठं जातं?"

मधे संस्थेच्याच एका संचालकांची मोसंबीची बाग होती. आजूबाजूला बाभळीसुद्धा वाळल्या होत्या, बाग हिरवीगार.

प्रकरण साधं नव्हतं. वरून निरोप आला होता की पाणी पुरत नसेल तर वस्ती हलवा, जनावरांच्या छावणीजवळ राहायला या. आजी हलायला तयार नव्हती. "पोरं कारखान्यावरून परत येत्याल, ती कुठं येत्याल?" एवढंच ती म्हणायची. तक्रार खरी ठरली तर पाणी मिळणार होतं, खोटी ठरली तर वस्ती उठणार होती.

सापळा ठरला. साहेब दोन शिपाई घेऊन बागेजवळ थांबणार. टँकर ज्या विहिरीवर भरतो तिथे एक जुने हवालदार सेट घेऊन बसणार. मी ठाण्यात, दोघांच्या मधे. बोलणं गुप्त राहावं म्हणून मी शब्द ठरवून दिले. टँकर म्हणजे नवरदेव, बाग म्हणजे मांडव, छापा म्हणजे अक्षता. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

वेळ झाली. बटण दाबलं, एक श्वास थांबले.

"नवरदेव निघाला का? ओव्हर."

"कोन नवरदेव? ओव्हर."

"नवरदेव हो, दादा. मांडवाकडे निघाला का? ओव्हर."

"बाई, ह्या दुष्काळात कुनाचं लगीन काढलं? मला पत्रिका न्हाई आली. ओव्हर."

माझं डोकं तापलं. "अहो दादा, नवरदेव म्हणजे टँकर, मांडव म्हणजे मोसंबीची बाग आणि अक्षता म्हणजे साहेबांचा छापा. काल दोनदा सांगितलं होतं ना? ओव्हर."

मग हवालदार म्हणाले, "हां, मग तसं सरळ सांगा की. नवरदेव आत्ताच निघाला. ओव्हर."

त्या दिवशी टँकर बागेकडे ढुंकून न पाहता थेट वस्तीवर गेला. साहेब मागोमाग पोचले, वर चढून झाकण उघडून पाहिलं. काठोकाठ.

"म्हातारे, टँकर तर भरलेला हाय," साहेब म्हणाले.

"तुमी असला की असतो," आजी म्हणाली.

साहेबांना ते उद्धट उत्तर वाटलं. मलाही वाटलं. पुढे आणखी दोन वेळा, नवरदेवाच्या जागी पाहुणा असे शब्द बदलून, सापळा लावला. दोन्ही वेळा टँकर भरलेला. आठवडाभरात तक्रार निकाली काढायची आणि वस्ती हलवायची, असं ठरत आलं.

नवरदेव प्रकरणाची शिक्षा म्हणून साहेबांनी मला वायरलेसच्या मेकॅनिकबरोबर टेकडीवर पाठवलं. रिपीटरच्या बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन मी वाहायचा. उन्हात धापा टाकत वर पोचले. रिपीटरच्या खोलीवर रोजंदारीचा एक राखणदार होता, तिशीचा, अदबीनं बोलणारा. त्यानं मला ग्लासभर पाणी दिलं. मी अर्धं प्यायले. उरलेल्या अर्ध्यात त्यानं ग्लास विसळला आणि ते पाणी दाराबाहेर भिरकावलं.

मी त्या ओल्या डागाकडे बघत राहिले. त्या दोन वर्षांत ग्लास विसळून पाणी फेकणारा माणूस मी पाहिला नव्हता. आमच्या ठाण्यात साहेबांच्या हात धुतलेल्या पाण्याला सुद्धा बादली लावलेली असे. खोलीमागे जाऊन पाहिलं. पाण्याची दोन मोठी टिपाडं भरलेली, वर ओलं गोणपाट. आणि आत, मेकॅनिकला चाचणी घेता यावी म्हणून लावलेला स्पीकर. आमचा शब्द न् शब्द त्यातून ऐकू येत होता.

मी काही विचारलं नाही. तोवर तेवढी अक्कल आली होती. खाली येऊन साहेबांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक शिपाई धोतर नेसून, दोन शेळ्या घेऊन टेकडीसमोरच्या पडीक रानात बसला. ठाण्यात मी नवाच्या ठोक्याला बटण दाबलं, एक श्वास थांबले आणि बोलले, "साहेब बागेकडे निघाले आहेत." साहेब माझ्यासमोर बशीत चहा ओतत होते. तासाभरानं शिपाई सायकलवरून आला. त्याच्या घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटांनी राखणदारानं खोलीच्या भिंतीवर काळी घोंगडी वाळत टाकली होती. फाट्यावर वळणाऱ्या ड्रायव्हरला ती भिंत समोर दिसते.

आमच्याकडे खांब, बॅटऱ्या, रिपीटर आणि मी. त्यांच्याकडे एक घोंगडी. तिच्यातला निरोप कुणाला चोरून ऐकता येत नव्हता.

पुढच्या खेपेला मी सेटला हात लावला नाही. निरोप चिठ्ठ्यांवर लिहून सायकलवरून पाठवले. भिंत मोकळी दिसली, टँकर निवांत बागेत शिरला आणि मोसंबीच्या आळ्यात पाइप सोडलेला असतानाच पंचांसमोर सापडला. ड्रायव्हरनं जबाबात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, "घोंगडी नव्हती म्हनून वळलो."

राखणदाराची चौकशी साहेबांनी मला करायला दिली.

"घोंगडी कशाला वाळत घातली होतीस?"

"वली झालती, बाई."

"कशानं? दोन वर्षं पाऊस नाही. दुष्काळात घोंगडी कोण धुतं?"

मग त्यानं सगळं सांगितलं. टेकडीखाली त्याचं घर होतं. बायको पोटुशी, दोन कोसांवरून पाणी आणायची. संचालकांचा माणूस आला आणि म्हणाला, दोन टिपाडं भरून देतो, पोलीस बागेकडे निघाल्याचं कानावर आलं की घोंगडी टाकायची, बाकी काही नाही.

"पर बाई," तो म्हणाला, "पैल्या दिशी मला कायबी कळंना. नवरदेव, मांडव. मला वाटलं खरंच कुनाचं लगीन हाय. घोंगडी मी टाकनारच न्हवतो. मग तुमीच समजून सांगितलं."

माझा लिहिता हात थांबला. साहेब मागून म्हणाले, "लिहा. तो जसा बोलला तसंच लिहा."

मी लिहिलं. गुन्हा दाखल झाला, टँकर दुसऱ्या संस्थेकडे गेला, वस्ती जागेवर राहिली. राखणदाराचं काम गेलं. टँकरनं त्याच्या घरापाशीही थांबावं म्हणून साहेबांनी स्वतः पत्र लिहिलं आणि ते मंजूर होईपर्यंत माझ्याकडून रोज पाठपुरावा करून घेतला.

पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला-पोरीला मी हेच सांगत आले. बटण दाबल्यावरचा तो एक श्वास फक्त यंत्रासाठी नसतो. तेवढ्या वेळात आपल्याला कोण कोण ऐकतंय याचा विचार करायचा असतो. आणि तक्रारदाराचं एखादं वाक्य उद्धट वाटलं, तर ते पुन्हा एकदा ऐकायचं. 'तुमी असला की असतो' यात सगळी केस होती.

हे मला तेव्हाच उमगलं असं मात्र नाही. आठवड्यानं आजी ठाण्यात आली तेव्हा मी तिला खुर्चीवर बसवलं आणि टेकडी, टिपाडं, घोंगडी, सगळं रंगवून सांगितलं. आपण किती हुशार, हे तिला कळायला हवं होतं ना. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "घोंगडीचं आमाला कवाचं ठावं हाय, बाई. टेकडीवर काळं दिसलं की आमी समदे हंडे घिऊन तयार बसायचो, त्या दिशी टँकर भरून यायचा. कुनी इचारलंच न्हाई. आता घोंगडी काढली म्हनतीस, पर नव्या टँकरवाल्याचा तरी काय भरवसा? तू आपली ती परत टाकून ठिव."