पोळ्याला रंगवलेले इंडिकेटर

मुलांनो, तुमच्यापैकी धाकट्याने परवा फोनवर सांगितलं, की त्याने तिकडे एक जुनी मोटारसायकल घेतली आहे आणि तिचे मागचे इंडिकेटर पेटत नाहीत. गाडीतलं आजीला काय कळणार, म्हणून त्याने विचारलं नाही, नुसतं सांगितलं. मी म्हटलं, बल्ब बदलण्याआधी थांब, लिहून पाठवते. आता सगळ्यांनाच लिहिते आहे, कारण नेमक्या याच विषयात मी तुमच्या आजोबांशी एक खोटं बोलले होते. ते सांगून टाकायला याहून बरं निमित्त या वयात मिळेलसं वाटत नाही.

तेव्हा आम्ही तेलगावजवळच्या एका खेड्यात राहत होतो. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायची. आजोबा एका सहकारी दूध संघात सुपरवायझर होते. गावोगावच्या डेअरीत जायचं, दुधाचं फॅट तपासायचं, पाणी घातलेलं सापडलं तर चार शब्द सुनवायचे आणि त्याच माणसाकडे चहा प्यायचा, असं ते काम. मग दुष्काळ पडला. त्यात आधी दुधात घालायचं पाणी संपलं आणि मग दूधही संपलं. संघाने माळावर चारा छावणी उघडली. गोणपाटाच्या सावलीत दहा गावांची जनावरं बांधलेली, तिथेच चारा, तिथेच टँकर. आमचे दोन्ही बैल तिथेच होते.

आता सुपरवायझर निम्मेच पुरतील, असा ठराव संचालक मंडळाने केला. छावण्यांवर फिरण्यासाठी जे ठेवायचे, त्यांच्याकडे मोटारसायकल आणि लायसन दोन्ही हवं; महिनाअखेरपर्यंत दाखवा, नाहीतर घरी बसा. आजोबांकडे मोटारसायकल पंधरा वर्षं होती. लायसन त्यांना रस्त्यात कोणी मागितलं नव्हतं. रस्त्यात बहुतेक बकऱ्याच भेटत. घर माझ्या पगारावर चाललं असतं, तो प्रश्न नव्हता. पण मास्तरणीच्या जिवावर खातो, असं एकदा जरी कोणी म्हटलं असतं, तरी त्या माणसाने मान वर केली नसती. ते मला बघायचं नव्हतं.

त्याच महिन्यात पोळा आला. आभाळ कोरडंच होतं, बैल छावणीतच होते. तिथे शिंगं रंगवायला बंदी होती. रंगवलेला बैल कोणाचा ते ओळखू येतं आणि ओळखीच्या बैलापुढे पेंढी जास्त पडते, अशी तक्रार गेली होती. आम्ही बैलांना कुंकू लावून, पोळी चारून परत आलो. घरी डेअरीच्या खोलीला दिलेल्या निळ्या ऑइलपेंटचा उरलेला डबा होता. आजोबा डब्याकडे बघत बसले. मग त्यांची नजर मोटारसायकलकडे गेली. इंडिकेटरच्या चार दांड्या, दोन पुढे, दोन मागे, शिंगांसारख्याच बाहेर आलेल्या.

मला हसू आलं, पण अर्धवट काम मला बघवत नाही. मी म्हटलं, "रंगवायचंच तर नीट रंगवा. शिंगं आधी साळून गुळगुळीत करता ना? मग हेही खोला, घासा आणि आतूनबाहेरून दोन हात द्या."

"वरनं दिसतंय तेवढं पुरे हाय की," ते म्हणाले.

मी उभी राहिले, म्हणून त्यांनी मागचे दोन खोलले. दांडी, नट, वायसर, ज्या पत्र्यावर ते बसतात तो पत्रा, सगळ्याला निळे दोन हात बसले. मी पुरण वाटायला आत गेले तेवढ्यात पुढचे दोन त्यांनी न खोलता वरूनच उरकले. मला ते दिसलं होतं. सणाचा दिवस म्हणून बोलले नाही.

लायसनची परीक्षा अंबाजोगाईला होती. तिथले साहेब आधी गाडीचे दिवे बघतात आणि मग माणसाकडे, असं सगळे सांगत. परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा आजोबांनी इंडिकेटरचं बटन दोन्ही बाजूंना दाबून पाहिलं. तोवर गरज पडली नव्हती. आमच्याकडे डावीकडे वळणारा डावा पाय बाहेर काढायचा, उजवीकडे वळायचं असेल तर मागे बसलेला हात दाखवायचा, आणि एकटा माणूस सरळच जाणार असं लोक धरून चालत.

पुढचे दोन दिवे पेटले, पण लुकलुकले नाहीत. नुसते टक लावून बघत राहिले. मागचे दोन पेटलेच नाहीत.

आजोबांनी बल्ब बदलले. फरक नाही. दिव्याची उघडझाप करणारी डबी असते, तिला फ्लॅशर म्हणतात, तो बदलला. फरक नाही. तेलगावच्या मेकॅनिकला घरी आणलं. त्याने बॅटरी उघडून सांगितलं की हिला पाणी नाही. आम्हालाही नव्हतं. पण बॅटरीला टँकरचं चालत नाही, दुकानातलं शुद्ध पाणी लागतं, म्हणून आजोबा जाऊन बाटली घेऊन आले. आम्ही रांजणातलं गाळ बसलेलं पाणी फडक्याने गाळून प्यायचो. त्या आठवड्यात आमच्या घरातलं सगळ्यात स्वच्छ पाणी मोटारसायकल प्यायली. पुढचे दिवे जरा उजळले. मागचे तसेच.

मेकॅनिकने मग सगळ्या वायरींवरून हात फिरवला आणि मान हलवली. वायरिंग म्हातारी झाली, ती सगळी उपसून नवी टाकावी लागेल, चार दिवस लागतील, असं त्याचं मत पडलं. परीक्षेला दोनच दिवस उरले होते. आजोबा उंबऱ्यावर बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. संघात काय, दुसरी माणसं हायेत," आणि विडी न ओढता हातातच धरून बसले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी कपाटातून गाडीची माहितीपुस्तिका काढली. ती इंग्रजीत होती, म्हणून माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राखाली ठेवली होती. दोन्हींचा घरात सारखाच वापर होता. मी वहीत चार रकाने आखले, प्रत्येक दिव्याला एक, आणि ठरवलं की एका वेळी एकच गोष्ट तपासायची. पुरुषमंडळींनी आतापर्यंत एका वेळी सगळं तपासलं होतं.

पुस्तिकेतलं एक वाक्य मी तीन वेळा वाचलं. दिव्याकडे वायर एकच जाते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंड. दांडी लोखंडाला नीट टेकली नसेल, तर वीज जाते पण परतत नाही, आणि दिवा पेटत नाही. शिवाय मागचा दिवा मुका असला की फ्लॅशरवर भार निम्माच पडतो, म्हणून पुढचा पेटतो पण लुकलुकत नाही. वहीतल्या चारही रकान्यांचं उत्तर त्या अर्ध्या पानात होतं.

मी मागच्या डाव्या दांडीकडे पाहिलं. दांडी निळी, नट निळा, वायसर निळा, पत्रा निळा. लोखंड कुठेच लोखंडाला टेकलेलं नव्हतं. पुढच्या दोघांना मात्र आत रंगाचा थेंब लागला नव्हता. जिथे त्यांनी कुचराई केली होती तिथे दिवा पेटत होता. जिथे मी उभी राहून काम करून घेतलं होतं, तिथे अंधार.

आजोबा छावणीवर गेले होते. मी पान्ह्याने दोन्ही नट काढले, पॉलिश पेपरने सांध्याचा रंग लोखंड चकचकीत होईपर्यंत घासला, परत आवळलं आणि बटन दोन्ही बाजूंना दाबून पाहिलं. चारही दिवे लुकलुकायला लागले. मी वहीत चारही रकान्यांत बरोबरची खूण केली.

संध्याकाळी ते मेकॅनिकला घेऊनच आले. एक शेवटचा प्रयत्न म्हणून. मी बटन दाबून दाखवलं. आजोबा गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "काय झालतं?"

"गंज," मी म्हटलं.

मेकॅनिक खाली बसला. मातीत निळा भुगा पडलेला होता, तो त्याने बोटाने उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. "बाई, दोन सालं पाऊस न्हाई. गंज कुठनं आला?"

"आतून," मी म्हटलं.

तो भला माणूस होता. त्याने बोटावरचा भुगा झटकला आणि चहा दोनदा मागून घेतला.

अंबाजोगाईला मी बरोबर गेले. साहेबांनी खरोखरच आधी दिवे पाहिले. मग त्यांनी आजोबांना मैदानात डावीकडे वळायला सांगितलं. आजोबांनी इंडिकेटर लावला आणि पंधरा वर्षांच्या सवयीने डावा पायही बाहेर काढला. साहेब म्हणाले, दोहोंपैकी एक पुरे. आणि पास केलं.

परतताना तो डावा इंडिकेटर चालूच राहिला. वळून झाल्यावर तो बंदही करायचा असतो, हे आम्हा दोघांच्या डोक्यातच नव्हतं. मला ते घाटाच्या अलीकडे लक्षात आलं. मागून येणारा ट्रक आम्ही वळण्याची वाट बघत बराच वेळ हळू चालला, मग हॉर्न वाजवून पुढे गेला. मी आजोबांना सांगितलं नाही. मान वळवली की तो दिवा दिसत होता, आणि मला तो बघायचा होता. तेलगावपर्यंत आम्ही सगळ्यांना डावीकडे वळतो असं सांगत सरळ आलो.

छावण्यांचं काम त्यांना मिळालं. गंजाची गोष्ट ते चारचौघांत सांगायचे: बाईनं गंज काढला, मेकॅनिकला जमलं न्हाई. मी दरवेळी चहा टाकायला उठायची.

पुढच्या पोळ्याला पाऊस झालेला होता, बैल घरी होते. आजोबांनी शिंगं साळून निळी केली. डब्यात रंग उरला, तेव्हा मी मोटारसायकलकडे बोट दाखवलं, जरा भीतभीतच.

"न्हाई," ते झाकण दाबत म्हणाले. "रंगानं गंज धरतो."

त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. कधीपासून माहीत होतं, हे मी विचारलं नाही. ते गंजाची गोष्ट शेवटपर्यंत तशीच सांगत राहिले.

तेव्हा बाळा, आधी दांडीचा नट काढ आणि जिथे लोखंड लोखंडाला टेकतं ती जागा घासून बघ. कोणी हौसेने रंगवली असेल तर बाकी काही शोधू नकोस.

मोटारसायकल भंगारात गेली. पुस्तिका, वही आणि मागचा डावा इंडिकेटर माझ्या कपाटात आहेत. दांडीवरचा निळा रंग अजून टिकून आहे.