गडगा चढणारी गाडी

सुधीर गेल्याची तार मंगळवारी दुपारी आली.

तो जहाजावर इंजिनखात्यात होता. तारेत नऊ शब्द होते. मागच्या तीन वर्षांत मी, त्याचा सख्खा थोरला भाऊ, त्याच्याशी तोंडाने एवढेही बोललो नव्हतो. बोललो ते एकदाच, तेही ओरडून, आणि तेही एका खेळण्यातल्या गाडीवरून! ती हकीगत विनोदी आहे. आमच्या वाडीत अजून सांगतात. मीच सांगितली तर निदान त्यातला मूर्ख कोण, ते तरी बरोबर सांगितलं जाईल.

आमची घरं दोन. खाली मी आणि आई, वर सुधीर आणि त्याची बायको शैला. मध्ये जांभ्या दगडांचा गडगा, गुडघ्याएवढा, ढासळून पायऱ्यांसारखा झालेला. मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल. पुस्तक जागचं हललं की मला कळतं. त्याच हुशारीने, गडगा माझ्या बाजूला वीतभर सरकलाय, असं मी एक दिवस जाहीर केलं.

"दगड काय चालत येतात, दादा?" सुधीर म्हणाला.

"चालत कशाला येतील? तू सरकवलेस!" मी म्हणालो. चार माणसांसमोर.

त्यावर तो, "माफी मागितल्याशिवाय माझ्याशी बोलू नको." त्यावर मी, "आणि तू स्वतः 'ये' म्हटल्याशिवाय मी तुझ्या अंगणात पाय ठेवणार नाही!" भांडण कसं, अगदी मुद्देसूद. (गडगा खरोखरच सरकला होता. पावसाने.)

तिसऱ्या वर्षी तो सुट्टीवर आला तो जपानमधून एक गाडी घेऊन. हातभर लांब, टायर नारळाएवढे, आणि चालवायची लांबून, रिमोटने. डिसेंबरातल्या एका दुपारी ती गडगा उतरून धडपडत माझ्या अंगणात आली. पाठीवर चिठ्ठी होती: 'पाय कोणी ठेवलेला नाही. चाकं आहेत.'

मला हसू आलं. ते दिसू नये म्हणून मी माजघरात जाऊन हसलो.

उतरताना गाडी आली, पण परत चढेना. एक चाक दगडावर गेलं की सगळी कलायची आणि झुरळासारखी उताणी पडायची. गाडी खाली माझ्याकडे, रिमोट वर त्याच्याकडे, आणि मध्ये गडग्याशी पाटावर आई!

"आई, दादाला सांग, स्प्रिंगा सैल कर."

"आई, त्याला विचार, सैल स्प्रिंगांवर गाडी चढेल कशी? घट्टच हव्यात!"

"सांग त्याला, एक चाक दगडावर गेलं तरी बाकीच्या तिन्ही चाकांनी जमीन सोडता नये. गाडीला अंग मुरडता यायला हवं. ताठ राहिली की उलथते."

"मेल्यांनो," आई म्हणाली, "दोघांना एकमेकांचं ऐकू येतंय, मग मी कशाला घसा फोडत्येय?"

मी अर्थातच स्प्रिंगा घट्ट केल्या. गाडी आधी तिसऱ्या दगडावरून पडत होती, ती पहिल्यावरून पडू लागली. मग मुकाट्याने त्या काढल्या आणि माझ्या चार बॉलपेनांच्या बारीक स्प्रिंगा बसवल्या. (आठवडाभर वाचनालयाच्या नोंदी पेन्सिलीने केल्या.) पुढच्या डाव्या चाकाखाली शब्दकोशाचा एक खंड ठेवला. तिन्ही चाकं जमिनीवर! दुसरा खंड ठेवला. तरी जमिनीवर! त्या शब्दकोशाचा गावाला एवढा उपयोग कधीच झाला नव्हता.

"आई, त्याला सांग, तीन खंड!"

"आई, दादाला सांग, शाब्बास."

आईने हा निरोप दिला नाही. तो मी ऐकला होता.

आता गाडी बेडकासारखी उड्या मारू लागली. वरून हुकूम आला, "शॉकअॅब्सॉर्बरमधलं तेल गळालंय. पातळ तेल भर म्हणावं." आईने समोरची खोबरेलाची बाटली पुढे केली. मी भरलं. दुपारी तीन वाजता गाडी अंग मुरडत, डुलत, अख्खा गडगा चढून वर गेली आणि उतरून परत आली. शैलाने टाळ्या वाजवल्या.

मग मी ठरवलं. संक्रांतीला सकाळी या गाडीवरून तिळगुळाचा डबा पाठवायचा आणि डब्याखाली पत्र. ते पत्र मी तीन दिवस लिहीत होतो. पहिला मसुदा चार पानांचा होता, त्यात साडेतीन पानं गडग्याचा इतिहास! शेवटी दोन वाक्यं उरली. 'दगड सरकवलेस म्हणालो, ती माझी चूक. आता मला ये म्हण.'

संक्रांतीला सकाळी कडाक्याची थंडी. आई चुलीशी बसून खोबरेलाची बाटली शेकवत होती. मी तिच्या शेजारून डबा आणि पत्र घेऊन बाहेर पडलो. खोबरेल थंडीत थिजतं हे कोकणात तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. मला तर ते का थिजतं हेही ठाऊक होतं!

वरून सुधीरने रिमोट दाबला आणि गाडी निघाली. लाकडासारखी ताठ. कशीबशी माथ्यावर पोचली आणि तिथेच पलीकडे कलली. पलीकडे गडग्याला लागून सुधीरची विहीर, बिनकठड्याची. सुधीर ओटीवर, वीस पावलांवर. मी हातभर अंतरावर.

"दादा, धर!" तो ओरडला. मध्ये आई नव्हती. थेट मला.

मी पाय उचलला. गडग्यावर नेला. आणि म्हणालो, "आधी 'ये' म्हण!"

"काय?"

"ये म्हण!"

"अरे, ये रे!"

डुबुक्.

मी एक पाय गडग्यावर ठेवून उभा. मागून आई म्हणाली, "म्हणालान ना तो 'ये'? मग जा की!"

पण मला वाटलं, हे 'ये' गाडीसाठी होतं, माझ्यासाठी नव्हतं. मी पाय खाली घेतला. माझ्याच अंगणात.

सुधीर विहिरीत वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "आई, दादाला विचार, काय पाठवत होता?"

"सांग त्याला," मी म्हणालो, "तिळगूळ."

आठ दिवसांनी तो जहाजावर गेला.

तार वरच्या घरी आली. शैलाचा आवाज ऐकून मी गडगा ओलांडला. दोन ढांगा लागल्या. कोणी 'ये' म्हटलं नव्हतं.

शैला आता माहेरी खेडला असते. किल्ली माझ्याकडे दिली आहे. रोज संध्याकाळी मी वर जातो, कुलूप काढतो, दिवा लावतो आणि खाली येतो. त्या अंगणात पाय ठेवायला आता मला कोणाला विचारावं लागत नाही.