माझ्या झूची तपासणी

लायसन माझ्याकडं कोणी मागितलंच नव्हतं. मीच मागायला गेलो. मला आनंद झाला की तोंडाला झाकण राहत नाही.

पापडी गावात आमची वाडी आहे. केळी, नारळ, अळू आणि मधे बावखल, म्हणजे बापजाद्यांनी शिंपणासाठी खणलेलं तळं. त्यात एक दिवस मला कासव सापडलं. ताटाएवढं! टबात घालून दारात ठेवलं, तर पोरं जमली, पोरांमागं आया आल्या. एवढी माणसं माझ्या लग्नालाही नव्हती. तिथंच डोक्यात आलं, आपण झू काढायचं! बदकं होती, टर्की होते, ससे होते, आणि वर हे कासव. दोन दिवस जेवणाचं भान नव्हतं, नुसते पिंजरे ठोकत होतो. शाळा दुसरीतच सुटलेली, त्यामुळं पाटीवर नाव लिहिता येईना. मग चित्रं काढली. बदकाचं चित्र बघून बायको म्हणाली, "अवो, ही किटली कशाला काढली?"

रविवारी मिस्सा सुटल्यावर मी चर्चच्या अंगणात सगळ्यांना सांगून टाकलं, "पुढच्या रविवारी उद्घाटन! कासव बघायला या!" आमच्या गावात एक रिटायर मास्तर आहेत. ते म्हणाले, "बाबा, झूला सरकारची मान्यता लागते. तपासणी होते. जनावरांचा डॉक्टर लागतो, आजारी जनावराला वेगळी खोली लागते, पिंजरा केवढा असावा तेसुद्धा ठरलेलं असतं. तसंच उघडलंस तर तुलाच आत घालतील."

दुसरा घाबरला असता. मी म्हटलं, सरकार माझं झू बघायला येणार! सोमवारी फॉरेस्टच्या ऑफिसात हजर. "झू तयार आहे. रविवारच्या आत तपासून जा." तिथला माणूस आधी माझ्याकडं, मग पंख्याकडं बघत बसला. पण गुरुवारी मॅडम येतील म्हणाला.

आता आमच्याकडं मोठा पाव्हणा आला की बदक शिजतं. कोंबडी काय, कोणालाही घालतात. बदक मानाचं, पाद्रीबाबा जेवायला आले की कापायचं. सगळ्यात गुबगुबीत नराला मी वेगळा पिंजरा दिला होता. गुरुवारी उजाडताच मी स्वतः आत शिरून त्यालाच काढला आणि बायकोच्या हातात दिला.

"अवो, हा झूतला ना?"

"सरकार येतंय! मसाला घाल चांगला!"

मॅडम आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण नजर कडक.

"काका, डॉक्टर कोण आहे?"

"आहेत ना. माझा गुडघा तेच बघतात."

"आजारी जनावराची खोली?"

"आमची. आम्ही दोघं ओटीवर झोपू."

त्यांनी ओठ दाबले. मला वाटलं, पास झालो. मग हात लांब करून म्हटलं, "आणि हा बघा आमच्या झूचा राजा!" पिंजऱ्यात चार पिसं होती.

मॅडमनी पाटीकडं बघितलं. "किटली कुठं गेली?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वास आला. खोटं बोलायचं तर डोकं लागतं, म्हणून खरंच सांगितलं, "मॅडम, राजा चुलीवर आहे. तुमच्यासाठीच."

त्या नारळाला धरून हसल्या. "काका, मी ड्युटीवर जेवत नाही. आणि बदक, टर्की, ससे ही पाळीव जनावरं. ती पाळायला झूची मान्यता लागत नाही. लोकांनी खुशाल येऊन बघावीत. झू म्हणू नका, एवढंच."

मी उडीच मारली. "म्हणजे रविवारी उघडू?"

तेवढ्यात त्यांना टब दिसला. हसू गेलं. "हे कुठून आणलं?"

"आमच्याच बावखलातलं. घरचंच म्हणा."

"घरचं नाही, रानातलं आहे. ह्याला नुसतं कोंडून ठेवलं तरी गुन्हा आहे. तुम्ही आपणहून बोलावलंत म्हणून समजावून सांगते. परत दिसलं तर केस करीन. चला, माझ्यासमोर सोडा."

"अहो, पण सगळं गाव ह्यालाच बघायला येणार! मी काय दाखवू, गुडघा?"

"बावखलावर बोलवा की. ते वर येईल तेव्हा दिसेल."

कासव पोटाशी धरून काठावर गेलो. वाकलो तो पाय सरकला. कासव एकीकडं, मी एकीकडं, छातीएवढ्या पाण्यात. बायको वरून म्हणाली, "मॅडम, ह्यांना तरी परत काढू का?"

रविवारी अख्खं गाव काठावर बसलं. आमची माणसं मिस्सेतसुद्धा एवढी गप बसत नाहीत. पोरांनी तोंडावर हात धरलेले. पाणी हललं. आधी बुडबुडे, मग एक टोकदार नाक, मग डोळे!

"आलं! आलं!" मीच बोंबललो. कासव गडप.

मास्तरांसकट सगळे माझ्यावर तुटून पडले. बायकोनं दंडाला धरून मला राजाच्या रिकाम्या पिंजऱ्यात बसवलं आणि कडी लावली. तिथं बसून मी नुसती वाट बघत होतो, काठावरून एखादं पोर कधी ओरडतंय त्याची. आणि ओरडलं! मग सगळेच ओरडले, मीसुद्धा. मला दिसलं काहीच नव्हतं.